गल्लीभर दोर

बेटावर दवाखाना एक आणि नर्सबाईही एकच. साथ आली तशी तिने सगळ्यांना घरात बसवलं. एकाला शिंक आली की चार घरं चौकशीला धावतात अशा गावात हे करताना तिच्या तोंडाला फेस आला, पण तिने भीड धरली नाही. सासऱ्यांना ताप भरला तेव्हा त्यांनाही माडीवर वेगळं ठेवलं.

आज त्यांना धाप लागली होती. त्यात वादळाचा इशारा आला, समुद्र खवळला. गावची एकुलती एक लाँच किनाऱ्यावरच होती. ती फुटली, तर त्यांना पलीकडच्या इस्पितळात न्यायचं कशातून? आणि ती वर ओढायची, तर अख्खं गाव खांद्याला खांदा लावून एका दोराला लागायचं.

"वहिनी, बोलावू सगळ्यांना?" लाँच चालवणारा दीर अंगणातून म्हणाला.

"आणि सगळेच आजारी पडले तर?"

"मग बाबांचं काय?"

तिने अंगणाबाहेर पाहिलं. समोर किनाऱ्यापासून टेकडीपर्यंत सरळ चढणारी गल्ली होती.

"घराघरातले दोर जोडून गल्लीभर टाका. हाताला फडकी गुंडाळून ज्याने त्याने आपल्या दारातूनच ओढायचं."

"डोकं ठिकाणावर आहे ना? वरच्या घरांना लाँच दिसणारसुद्धा नाही. जोर एकदम लागणार कसा?"

"मी देतो... आरोळी," माडीवरून सासरे म्हणाले. आजवर लाँच ओढताना आरोळी त्यांचीच असायची.

"बाबा, दम राखून ठेवा!"

"राखून... नेऊ कुठे?"

आरोळी आली आणि अख्खी गल्ली एकदम मागे झुकली. वर्षानुवर्षं अबोला धरलेले शेजारीही झुकले. नर्सबाईनेही आपल्या दारातून दोर खेचला. लग्न होऊन आल्यापासून ती या बेटाला चिंचोक्याएवढं म्हणायची. आज तिला त्याचा थांग लागेना.

लाँच वर आली आणि माडीवरचा आवाज थांबला. ती धावत जिना चढली. सासरे भिंतीला टेकले होते, ओठ निळसर.

"आली?"

"आली. आता एक अक्षर बोललात तर बघा."

सकाळी समुद्र निवला. तोंडं बांधून बापलेक लाँचमध्ये बसले. लाँच खाली सोडायला दारादारात लोकांनी दोर धरला, पण तो सैल करायचा कुणाच्या आरोळीवर?

इतक्यात टेकडीवरच्या शेवटच्या घरातून आरोळी आली, थेट सासऱ्यांच्या चालीची. मग खालच्या दारातून, मग त्याच्या खालच्या. उतरत उतरत ती नर्सबाईच्या दाराशी आली, आणि तिनेही गळा मोकळा सोडला.

लाँच पाण्याला लागली. बोलायची मनाई असलेल्या सासऱ्यांनी नुसता हात वर केला.