वळलेल्या पंखांच्या माश्या

दोन हजार आठच्या मे महिन्यात रंजिता नागपूरहून गोंदियाजवळच्या मुर्रीला आली, ती थर्माकोलच्या पेटीत फळमाश्यांच्या सहा नळ्या घेऊन. प्रयोगशाळेला सुट्टी होती, मागे माश्यांकडे बघणारं कोणी नव्हतं. घरी धाकट्या अल्काचं लग्न आठवड्यावर आलेलं.

"लोक माश्या हाकलतात, तू कायले पोसून राहिली?" आईनं, सुमनबाईंनी विचारलं.

रंजितानं सांगितलं. अंड्यात माशीची मज्जासंस्था घडते, तेव्हा काही पेशी निरोप नेणाऱ्या होतात, काही त्यांना वेढून सांभाळणाऱ्या. सांभाळणाऱ्यांना ग्लिआ म्हणतात. ग्लिआ व्हायचं हे एक जनुक ठरवतं. ते बिघडलं, की त्या पेशीही निरोप्याच होतात आणि जीव अंड्यातच मरतो.

"मंग या कशा जगल्या?"

"जोडीतलं एकच बिघडलं, दुसरं धड आहे. धड जनुकासोबत पंख वर वळवणारी खूण जोडून ठेवली, म्हणून ओळखू येतात."

"बिघडलेलं जपायचं कायले?"

"बिघडल्यावरच त समजते मा, ते काय काम करत होतं."

सुमनबाईंनी भिंग मागून घेतलं आणि वळलेले पंख बराच वेळ पाहिले.

गुरुवारी रंजिता अल्काला घेऊन गोंदियाच्या बाजारात गेली. दुपारी शिंप्याच्या दुकानात वीज गेली, तशी रंजिता उठली. मुर्रीतही गेली असणार, कूलर बंद, आणि अशा उन्हात माश्या तग धरत नाहीत. कपडे तिथंच टाकून दोघी ऑटोत बसल्या.

घरी कूलरसमोरची, नळ्या ठेवलेली फळी रिकामी होती.

"मा, नळ्या कुठं आहेत?"

"रांजणाखाली. लाईन गेली, मंग ओल्या वाळूत डबा रोवला. नळ्यायच्या कापसाच्या बोळ्यायले पानी नोको लागाले म्हून डब्यात ठेवल्या."

तीन नळ्यांत माश्या तळाशी निपचित पडल्या होत्या. उरलेल्या तीनमध्ये काचेवर चढत होत्या.

"मले सुचाले उशीर झाला," सुमनबाई म्हणाल्या.

"एक नळी वाचली असती, तरी पुरलं असतं," रंजिता म्हणाली आणि तिथंच ओल्या वाळूशेजारी बसली.

त्या तीन नळ्यांपासून पावसाळ्यात चाळीस झाल्या. पुढच्या वर्षी तिनं आईला दोन फोटो आणून दाखवले. धड अंड्यात ग्लिआ हिरव्या ठिपक्यांनी उजळलेल्या. दुसऱ्यात, जोडीतली दोन्ही जनुकं बिघडलेल्या अंड्यात, नुसता काळोख.

"याच्यात त एकबी नाही," सुमनबाई म्हणाल्या.

"तेच त दाखवायचं होतं."

सुमनबाईंनी दोन्ही फोटो शेजारी धरून पुन्हा पाहिले आणि न विचारताच आपल्याजवळ ठेवून घेतले.