रस्ता ओलांडणाऱ्या बायका

माझ्या थोरल्या भावाने, होझियाने, मालगाडीच्या या बाजूला प्राण सोडला, आणि अँब्युलन्स त्या बाजूला उभी होती. दोन डब्यांमधल्या फटीतून तिचा लाल दिवा फिरताना आम्हाला दिसत होता.

अलाबामातल्या टिमरली शहरात आम्हा काळ्या लोकांची वस्ती सगळी रुळांच्या दक्षिणेला. आत-बाहेर करायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक. कागदाच्या गिरणीला जाणाऱ्या मालगाड्या तिथे येऊन ठाण मांडायच्या. कधी अर्धा तास, कधी अख्खी दुपार. मुलं शाळेला जाताना दप्तर आधी डब्याखालून सरकवायची आणि मग स्वतः सरपटत पलीकडे जायची. गाडी मध्येच हलली तर? हा प्रश्न आम्ही आया रोज सकाळी कॉफीबरोबर गिळायचो.

होझिया गवंडी होता. चर्चच्या पायऱ्या बांधता बांधता छातीला हात लावून खाली बसला. चौघांनी शेजारच्या घराचं दार उखडलं, त्यावर त्याला आडवं केलं आणि फाटकापर्यंत पळत नेलं. डब्यांच्या जोडावरून त्याला पलीकडे उतरवायचं ठरत होतं, तेवढ्यात माझ्या वहिनीच्या, लुएलाच्या हातातला त्याचा हात सैल पडला. गाडी त्यानंतरही बराच वेळ हलली नाही.

लुएला तोवर कुणाच्या अध्यात ना मध्यात. चर्चमध्येही मागच्या बाकावर बसायची. पण दफन झाल्यावरच्या आठवड्यात ती म्हणाली, "व्हर्लीन, मला नगरसभेत जायचंय. येतेस?"

मी गेले. मेयर हॅस्किन्स खुर्चीत रेलून बसले होते. सभेत सगळे गोरेच.

"लुएला, तुझ्या नवऱ्याचं फार वाईट झालं बघ," ते म्हणाले. "माझ्या घरची चिमणी त्यानेच बांधली. गुणी माणूस. पण तू पूल मागतेस. पुलाला पैसा कुठून आणू?"

"गोल्फ क्लबच्या रस्त्यावर रुळांवरून पूल झाला. त्याला कुठून आणलात?"

"ते वेगळं आहे."

"खरंय. तिथे कुणी मेलं नव्हतं."

कुणीतरी खाकरलं. मेयरांनी हातोडी उचलली, पण लुएला बसली नाही. "आणखी एक. मला मिसेस पेटिग्रू म्हणायचं. आणि अहो-जाहो करायचं. मी तुम्हाला करतेय."

यावर मात्र सभा हसली. हातोडी आपटली गेली आणि पुढचा विषय निघाला, ईस्टरला मेन स्ट्रीटवर कोणत्या रंगाच्या पताका लावायच्या याचा.

बाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, रागाने. लुएला मात्र मेन स्ट्रीटच्या झेब्रा क्रॉसिंगवर एकाएकी थांबली. आम्ही रस्ता ओलांडावा म्हणून एक मोटार थांबली होती आणि आतला गोरा माणूस सारखं घड्याळ बघत होता.

"बघ ना," ती म्हणाली, "पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कायदा त्यांचाच."

"मग?"

"मग काय! आपण चालायचं."

मिस अर्झुलाच्या केस विंचरायच्या दुकानात हा बेत शिजला. वस्तीतली प्रत्येक बाई आठवड्यातून एकदा तिच्या खुर्चीत मान खाली घालून बसायची, त्यामुळे तिथे ठरलेलं चर्चमध्ये ठरलेल्यापेक्षा लवकर पसरायचं. आमचे पाद्री रेव्हरंड टॉलिव्हर जरा बिचकले.

"आपण निवेदन द्यावं असं मला वाटतं," ते म्हणाले.

"तुम्ही निवेदन द्या, रेव्हरंड," मिस अर्झुला कंगवा न थांबवता म्हणाली, "आम्ही पाय देतो."

बेत साधा होता. शनिवारी सकाळीच, गाड्या यायच्या आत, बायकांनी मेन स्ट्रीटला जायचं. फाटकावर मालगाडी थांबली की वस्तीतून मेन स्ट्रीटजवळच्या आमच्या टॅक्सीवाल्याच्या अड्ड्यावर फोन. गाडी थांबली की आम्ही चालायचं. गाडी हलली की आम्ही थांबायचं. जेवढा वेळ ते आम्हाला अडवतील तेवढाच वेळ, एक मिनिट जास्त नाही.

त्या शनिवारी ईस्टरच्या खरेदीची झुंबड होती. आम्ही रविवारी चर्चला घालतो त्या टोप्या आणि पांढरे हातमोजे घालून फुटपाथवर उभ्या. फोन आला. लुएलाने पहिलं पाऊल टाकलं. पलीकडे पोचली, वळली, परत निघाली. मागोमाग आम्ही सगळ्या. एक रांग जातेय, एक येतेय. आमच्या चर्चमधली सगळ्यांत म्हातारी, मदर टेनी, चार पायांची काठी टेकत, दर दोन पावलांनी देवाचं नाव घेत चालली होती. मोटारी थेट कोर्टापर्यंत तुंबल्या. भोंग्यांनी कान किटले.

पोलिसप्रमुख डनवुडी धावत आला. "मिस अर्झुला, हे काय चाललंय?"

"रस्ता ओलांडतेय, साहेब."

"आत्ताच ओलांडलास की!"

"हो, पण पर्स राहिली पलीकडे."

"पर्स तुझ्या हातात आहे!"

"अगंबाई! मग रुमाल राहिला असेल."

फुटपाथवरची दोन गोरी पोरंसुद्धा हसली. डनवुडी लाल झाला, पण करणार काय? थोड्या वेळाने मालगाडी हलल्याचा फोन आला आणि लुएलाने हात वर केला. आम्ही फुटपाथवर चढून थांबलो, मोटारींना हसून वाट दिली. तो शांत झालेला रस्ता लोकांना भोंग्यांपेक्षा जास्त बोचला. हे मुद्दाम आहे आणि मोजून आहे, हे सगळ्यांना कळलं.

पुढच्या शनिवारी डनवुडीने आमच्यातल्या काही जणींना उचललं. लुएला, मिस अर्झुला, मी. कोठडीत आम्ही इतक्या जोरात गायलो की शेजारच्या कोर्टातल्या न्यायाधीशाने निरोप पाठवला, एकतर गाणं थांबवा नाहीतर बायका सोडा. गाणं थांबलं नाही. सोडलं तेव्हा बाहेर निम्मी वस्ती उभी होती, आणि यावेळी पुरुषही होते, गवंडीकाम करणारे होझियाचे सगळे सोबती. रेव्हरंड टॉलिव्हर सर्वांत पुढे, पॉलिश केलेल्या बुटांत. "मलाही थोडा रस्ता ओलांडायचाय," ते लुएलाला म्हणाले.

तेव्हापासून शनिवार आमचा झाला. ईस्टर गेला, दुकानांतल्या टोप्या तशाच पडून राहिल्या. आम्ही तर मेन स्ट्रीटवर काहीच विकत घेत नव्हतो, आणि गोरी गिऱ्हाइकं गर्दीला कंटाळून दुसऱ्या शहरात जायला लागली. मे महिन्यात एका शनिवारी खुद्द मेयरांची मोटार रांगेत अडकली. ते उतरले, घाम पुसत लुएलासमोर आले.

"लुएला, पुरे आता. बाजूला हो."

ती त्यांच्या बाजूने पुढे गेली, वळून परत आली.

"ऐकतेस का? किती वेळ चालणार हे?"

"मालगाडीला विचारा."

तेवढ्यात बुटांच्या दुकानाचा मालक दारात येऊन ओरडला, "अहो मेयर, बांधून टाका तो पूल एकदाचा! माझं दिवाळं काढाल!" शेजारचा औषधवालाही त्याच्या सुरात सूर मिसळू लागला. मेयरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आवाज खाली आला.

"मिसेस पेटिग्रू," ते म्हणाले, "तुम्ही सोमवारी माझ्या ऑफिसात या. आपण बोलू."

आमची अख्खी रांग थबकली. मदर टेनी तर मोठ्याने "आमेन!" म्हणाली.

लुएलाचा चेहरा हलला नाही. "आम्ही खूपदा आलो. आता तुम्ही या. सोमवारी, आमच्या चर्चमध्ये. नगरसभेच्या सभासदांनाही आणा. आणि शाळा सुटायच्या सुमाराला या."

ते आले. आम्ही तळलेला मासा, कोलार्डच्या पाल्याची भाजी आणि मक्याचा पाव वाढला. त्यांनी दोन घास खाल्ले न खाल्ले तोच मालगाडी येऊन थांबली. सभासद फाटकापर्यंत गेले. त्यांच्या मोटारी वस्तीत आणि घरं पलीकडे. तेवढ्यात एक दप्तर डब्याखालून सरकत त्यांच्या पायाशी आलं. मागोमाग एका मुलीचं डोकं.

"ए! बाहेर ये! बाहेर ये आधी!" मेयर किंचाळले आणि त्यांनीच तिला बखोटीला धरून ओढून काढलं.

मुलगी फ्रॉक झटकत म्हणाली, "मी रोजच येते, साहेब."

गाडी काही हलेना. मेयर रुळांजवळच्या दगडावर बसून राहिले. लुएला त्यांच्या शेजारी उभी होती. "माझा नवरा इथेच होता," ती एवढंच म्हणाली.

जूनमध्ये नगरसभेत मतदान झालं. सभागृह आमच्या लोकांनी भरलं होतं, जिन्यापर्यंत. लुएलाने पूल तर मागितलाच, पण तो बांधणाऱ्यांत निम्मे हात आमच्या वस्तीतले हवेत, असंही लिहून घेतलं. एकाने विरोधात हात वर केला, बाकी सगळ्यांनी बाजूने. मेयरांनी निकाल वाचला आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही, इतका कल्लोळ उठला. मिस अर्झुलाने डनवुडीच्या गळ्यात हात टाकला आणि तो बिचारा खांबासारखा उभा राहिला.

पूल व्हायला दोन उन्हाळे लागले. मधल्या निवडणुकीत लुएला उभी राहिली आणि निवडूनही आली, त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी ती मंचावर मेयरांच्या शेजारच्या खुर्चीत होती. फीत कापल्यावर पहिलं कोण जाणार यावरून कुजबुज सुरू झाली, पण मदर टेनीने कुणाची वाट पाहिलीच नाही. काठी टेकत ती सरळ चढाला लागली आणि आम्ही सगळे तिच्या मागे, तिच्याच चालीने.

आम्ही मध्यावर पोचलो तेव्हा खाली मालगाडी येऊन थांबली. मुलं कठड्याला लोंबकळून डबे मोजायला लागली. इंजिनातल्या माणसाने वर पाहून हात केला. लुएला कठड्याच्या विटांवरून तळहात फिरवत उभी होती. होझियाच्या सोबत्यांनी रचलेल्या विटा. इतक्या महिन्यांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल व्हर्लीन," ती नाक पुसत म्हणाली, "लोक खोळंबलेत मागे."

आणि आम्ही पलीकडे उतरलो.