खंडेनवमीचं तेल

ह्यांचं नाव आकाराम. एरवी मी घेत नाही, पण लिहायलाच बसल्यावर कुठवर टाळणार? गाव कवठे महांकाळ, पिढीजात सुतारकी, आणि स्वभाव असा की काही बिघडलं की आधी स्वतःकडं बोट. मी उलटी. माझं बोट आधी समोरच्याकडं जातं.

लढाईत हे ब्रह्मदेशात गेले आणि उजव्या हाताची दोन बोटं तिकडंच ठेवून आले. पटाशी धरवेना, रंधा चालवता येईना. मग पुण्यात लष्कराचं जुनं सामान विकायला निघालं होतं, त्यातून एक विजेवरचं यंत्र आणलं आणि वीज आहे म्हणून आम्ही सांगलीत बिऱ्हाड केलं. यंत्राला हे राउटर म्हणायचे. त्याच्या तोंडात एक पातं बसवायचं, ते बिट. दोन्ही मुठी धरून यंत्र फळीवरून ढकललं की सरळ खाच पडते. आठ बोटांवर भागतं. ते घरात आलं त्या दिवशी हे कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले, म्हणून मला ते यंत्र माहेरच्या माणसासारखं वाटायला लागलं.

सेहेचाळीस सालची खंडेनवमी आली. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांना तेल पाजायची रीत. लाकडी रंधे तेल प्याले की वर्षभर कसे मऊ चालायचे. मी पाटावर बिटं मांडली, शेंड्यापासून बुडापर्यंत करडईचं तेल चोळलं, प्रत्येकाच्या बुडाशी कुंकवाचा टिळा लावला. यंत्राच्या तोंडातही बोट घालून तेल फिरवलं. माहेरच्या माणसाला कमी कसं करायचं?

दसरा झाला आणि लालासाहेबांचं काम सुरू झालं. लालासाहेब रहिमतपूरचे व्यापारी, त्यांना लेकीच्या लग्नात द्यायला सागवानी कपाट हवं होतं. बाजूच्या फळ्यांना खाचा पाडायच्या आणि त्यात कप्पे बसवायचे. देवाचं तेल म्हणून ह्यांनी बिट न पुसताच बसवलं. माझा टिळा यंत्राच्या तोंडात दिसेनासा झाला, त्याचं मला जरा वाईटच वाटलं.

पहिली खाच अर्धा इंच खोल सुरू झाली आणि दुसऱ्या टोकाला पाऊण इंचावर गेली. फळी वाया. ह्यांनी बिट धरून ठेवणारा नट पान्यानं आवळला, दुसरी फळी घेतली. तीही तशीच. बिटाकडं ह्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आपल्या हाताकडं पाहत बसले.

मग यंत्रावर पोतं टाकलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘यंत्राचं काय न्हाई. हातच ऱ्हायला न्हाई माजा. कुटं दाबतोय, कळंना झालंय.’’

सोमवारपासून हळदीच्या वखारीवर राखणदार म्हणून जायचं, असं ठरवूनही टाकलं. बोलणं झालं होतं म्हणे. ज्या माणसाला लाकडाच्या वासाशिवाय झोप लागत नाही, तो हळदीच्या पोत्यांवर बसून काय करणार? मला असा राग आला, की मीच पोतं ओढून फेकलं. एक रद्दी फळी पुढं केली आणि म्हटलं, माझ्यासमोर एकदा चालवा, मग जा कुठं जायचं ते.

ह्यांनी चालवलं. खाच पुन्हा खोल गेली. यंत्र थांबलं आणि मी खाली वाकून पाहिलं. बिटावर माझा टिळा दिसत होता.

आत होता तो बाहेर आला होता, म्हणजे बिट तेवढं खाली सरकलं होतं. आणि टिळ्याच्या भोवती तेल चकाकत होतं. सागाच्या दोन फळ्या मीच घालवल्या होत्या. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं, पण सोमवार दोनच दिवसांवर होता.

‘‘आवं, हात न्हाई घसरला तुमचा,’’ मी म्हटलं. ‘‘बिट घसरतंय. त्याला त्याल म्या लावलंय.’’

ह्यांनी बिट काढलं, बोटांत चोळलं, वास घेतला. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी. हे खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

‘‘मंजी हात शाबूत हाय माजा,’’ म्हणाले.

मग कंदिलातलं रॉकेल काढून आम्ही दोघांनी बिट धुतलं, यंत्राचं तोंड आतून धुतलं आणि कोरड्या फडक्यानं इतकं पुसलं, की फडकं किरकिरायला लागलं. ह्यांनी बिट तळापर्यंत घालून, पकड नीट बसावी म्हणून केसभर मागं घेतलं आणि नट आवळला. पुढची खाच दोन्ही टोकांना अर्धा इंच भरली. हे पट्टी ठेवून तीनदा मोजत राहिले, मी मोजू दिलं. वखारीत निरोप मीच पाठवला.

पुढच्या खंडेनवमीला यंत्राला नुसतं वरून हळदकुंकू वाहिलं. तेलाची वाटी मात्र सवयीनं भरून आणली होती, ती हातातच राहिली. आता हिचं काय करू, असं मी ह्यांना विचारलं. ह्यांनी पाटावर हत्यारांच्या शेजारी आपला उजवा हात ठेवला. मी त्या तीन बोटांना तेल चोळलं आणि मनगटावर टिळा लावला.