गोरा केलेला फोटो

आपला फोटो जरा उजळ यावा असं कुणाला वाटत नाही? अमेरिकेत, अलाबामातल्या काळ्या लोकांच्या वस्तीत ल्युशस टॉलिव्हरचा स्टुडिओ याच हौसेवर चालायचा. निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत उजळ येतं, म्हणून तिच्यावर बारीक पेन्सिल फिरवून तो काळ्या नवरीला गव्हाळ करून द्यायचा. गिऱ्हाईक खूश, ल्युशसही खूश.

या वेळचं काम मात्र वेगळं होतं. आमच्या मुलांनाही गोऱ्यांच्या शाळेत घ्या, म्हणून शाळेच्या दारात उभ्या राहून पोलिसांच्या काठ्या खाल्लेल्या बायकांचे फोटो त्यानं काढले होते. ते शिकागोच्या वर्तमानपत्रात छापून येणार होते. त्यांतल्या ओडेसा प्रुइट आपला फोटो बघायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"ही कोण बया?"

"तुम्हीच की, ताई!"

"आणि माझ्या कपाळावरची खोक?"

"झाकली. उगाच वाईट दिसत होती. रंगही जरा उजळ केलाय."

"वा रे शहाण्या!" ओडेसाताई कडाडल्या. "माझ्या लेकीला, व्हर्नाला, शाळेच्या दारातून हाकललं ते याच रंगापायी! त्या पोलिसानं मारायचं आणि तू पुसायचं?"

"जगासमोर आपली माणसं चांगली दिसावीत म्हणून केलं हो."

"म्हणजे आहोत तशी आपण वाईट? शाळेचे साहेब तरी दुसरं काय म्हणतात? हा फोटो छापला की माझी गोऱ्यांच्या घरची स्वयंपाकाची नोकरी जाणार, ठाऊक आहे मला. जाऊ दे! पण माझ्या तोंडापायी जाऊ दे, या परकीच्या नको."

ल्युशसनं वर पाहिलं. समोर भिंतीवर त्याच्या धाकट्या लेकीचा फोटो होता, तोही असाच उजळलेला. "बाबा, मी अशी का नाही दिसत?" असं तिनं एकदा विचारलं होतं, आणि त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. अरेरे! शाळेनं दार लावायच्या आधी बापानंच ते लावलं होतं!

त्यानं कापसाचा बोळा घेतला आणि निगेटिव्हवरची पेन्सिल पुसून काढली.

फोटो छापून आला, खोकेसकट. ओडेसाताईंची नोकरी गेली, पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा शाळेच्या दारात उभ्या होत्या.

मंडळी, अन्याय करणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. पण त्याची नजर उसनी घेऊन आपणच आपल्या लेकरांकडे बघत असू, तर तो जाब कुठल्या तोंडानं विचारणार? स्टुडिओच्या भिंतीवर आता लेकीचा नवा फोटो आहे. त्यात ती तिच्याच रंगाची आहे, आणि खळखळून हसते आहे.