विक्रीसाठी नसलेली वाकळ

लांज्याच्या स्टँडवर रत्नागिरीची एसटी लागली, करुणानं सासूला, सगुणाबाईंना, दंडाला धरून पायऱ्या चढवल्या, खिडकीजवळची जागा मिळवून दिली, आणि ती शेजारी टेकते न टेकते तोच पर्समधला फोन वाजला. फोन नम्रताचा होता. नम्रता त्यांच्याच वाडीतली, बचत गटाचं सगळं बघणारी. तिनं जयभीम केला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही निघालात काय? काकूंची वाकळ भिंतीवर नाही. काल दुपारच्या गर्दीत चुकून विकली गेली."

करुणानं फोन कानाशी आणखी घट्ट धरला, जणू तो आवाज शेजारी सांडेल. बाहेरच्या काजूवाल्या बाईकडे बघत सगुणाबाई पदर सारखा करत होत्या. "बरं, बघू आल्यावर," एवढंच बोलून करुणानं फोन ठेवला. कोणाचा होता, असं सासूनं विचारलं, तर शाळेतला होता म्हणाली. वीस वर्षांच्या शिक्षकी पेशात तिनं मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं होतं, आणि आता पहिल्याच प्रश्नाला तिची जीभ अशी सहज वळली.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका मोठ्या शेडमध्ये गोधड्यांचं आणि कापडाचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. कापडाचे व्यापारी, शिलाई मशीनवाले, दोऱ्या-सुयांचे विक्रेते, गावोगावचे बचत गट, सगळे तिथे. गटांनी एक भिंत जुन्या, हातानं शिवलेल्या वाकळींसाठी राखून ठेवली होती. त्या फक्त बघायच्या, विकायच्या नाहीत. नम्रतानं सगुणाबाईंची वाकळ मागितली तेव्हा करुणाच सासूच्या मागे लागली होती. तीनदा विचारल्यावर सासू हो म्हणाली. बुधवारी करुणा शाळेत असताना नम्रता घरी येऊन जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं घेऊन गेली.

ती वाकळ साधीसुधी नव्हती. करुणाचे सासरे, भिवा तांबे, पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. डोंगराच्या पोटात आठ-आठ तास काम करून ते तिथल्याच कामगार वसाहतीतल्या खोलीवर येत. त्यांचे जीर्ण झालेले खाकी गणवेश उसवून, त्यांत स्वतःची दोन लुगडी आणि करुणाच्या नवऱ्याचे, महेंद्रचे, शाळेतले सदरे घालून सगुणाबाईंनी ती शिवली होती. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका मापाचे. भिवाजी गेले त्यालाही आता सहा वर्षं झाली. वाकळ ट्रंकेत असायची आणि वर्षातून एकदा उन्हात पडायची. तेव्हा सगुणाबाई तिच्याजवळ खुर्ची टाकून बसत, कावळासुद्धा जवळ येऊ देत नसत.

आणि ती आता कोणाच्या तरी घरी होती. कोणाच्या, कुठल्या गावात, काही पत्ता नाही. महेंद्रला काय सांगायचं, हा प्रश्न पुढचा होता. आधी शेजारी बसलेल्या या बाईला काय सांगायचं? दोन वर्षांपूर्वी पाय मोडल्यापासून सासू पहिल्यांदाच गावाबाहेर पडली होती. पांढरं इस्त्रीचं लुगडं नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. पाली गेलं, हातखंबा गेला, तरी करुणाला शब्द सापडले नाहीत. एक बरं होतं, सगुणाबाईही आज फारसं बोलत नव्हत्या. एरवी रस्त्यात दिसेल त्यावर त्यांचं काहीतरी असायचं.

साळवी स्टॉपला उतरून दोघी रिक्षानं मिरजोळ्यात आल्या. शेडच्या दारात मांडव घातला होता. आत शिरल्याबरोबर नव्या कापडाचा खळीचा वास आला. करुणानं दुरूनच पाहिलं, जुन्या वाकळींची भिंत अगदी टोकाला होती. मध्ये स्टॉलच्या चार रांगा होत्या. तेवढा तरी वेळ हातात होता.

"आत्या, आधी कापड बघूया?" तिनं विचारलं. सासूला ती माहेरच्या रीतीप्रमाणे आत्याच म्हणायची.

"बघूया की. घाई काय हाय?" सगुणाबाई म्हणाल्या.

मग त्या ज्या रमल्या, त्या पुढे हलेनात. एका व्यापाऱ्याकडे मलमलीचे तागे होते. त्यातल्या एका ताग्याची कड त्यांनी दोन बोटांत चुरगाळली, उलटी करून पाहिली आणि हे सुती नाय म्हणून सांगितलं. व्यापाऱ्यानं शपथ घेतली. सगुणाबाईंनी कडेचा एक धागा ओढला आणि त्याला म्हटलं, पेटवून दाखव, राख होते का गोळी होते. व्यापारी हसला आणि दुसरा तागा काढून त्यांच्यापुढे ठेवला. पुढच्या स्टॉलवर गोधडी शिवायचं भलंमोठं मशीन चालू होतं. एका वेळी कितीतरी सुया खालीवर होत होत्या आणि बघता बघता हातभर गोधडी बाहेर पडत होती. तिथे सगुणाबाई चांगल्या अर्धा तास उभ्या राहिल्या. दोरा तुटला तर कळतं कसं, मध्येच ठिगळ लावायचं झालं तर काय करता, असं त्यांनी मशीनवाल्याला खोदून खोदून विचारलं. करुणा मनातल्या मनात त्या मशीनचे आभार मानत होती. मधूनच ती टोकाच्या भिंतीकडे बघायची. नम्रता फोन कानाला लावून इकडून तिकडे येरझारा घालत होती.

तिसऱ्या रांगेत सगुणाबाईंचा पाय दुखायला लागला. करुणानं एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली. आता पुढे एकच रांग उरली होती. पाण्याची बाटली सासूच्या हातात देताना करुणाच्या लक्षात आलं, की आपण हिला पाय दुखेपर्यंत फिरवतोय ते केवळ आपल्याला भीती वाटते म्हणून. तिची तिलाच लाज वाटली. ती खुर्चीपुढे उकिडवी बसली.

"आत्या, एक सांगायचंय. सकाळी नम्रताचा फोन होता, शाळेतला नव्हता. तुमची वाकळ काल चुकून विकली गेली. कोणी नेली ते कळलेलं नाही. मीच तुमच्या मागे लागले होते, चूक माझी आहे."

सगुणाबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. करुणा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता डोळ्यांत पाणी येईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न बोलता त्या उठतील, असं तिला वाटलं. पण सगुणाबाईंनी एक लांब श्वास सोडला, खांदे सैल झाले, आणि त्या म्हणाल्या, "म्हंजे भिंतीवर नाय ती?"

"नाही."

"बरं झालं बाय. मी सकाळधरनं त्याच घोरात हाय, की तू भिंतीजवळ गेलीस की तुला कळणार."

"काय कळणार?"

"ती वाकळ ती नव्हतीच गो. ती घरी ट्रंकेत हाय."

करुणाला पहिल्यांदा नीट समजलंच नाही. मग सगुणाबाईंनी तिचा हात धरून सगळं सांगितलं. हो म्हटल्यापासून त्यांना झोप नव्हती. शंभर लोक हात लावणार, कोण ओढणार, कोण त्यावर चहा सांडणार. सुनेला नाही म्हणावं तर ती एवढ्या हौसेनं मागतेय. म्हणून बुधवारी नम्रता यायच्या आधी त्यांनी खाकी वाकळ ट्रंकेत तळाला घातली आणि दुसरीच एक गाठोड्यात बांधून दिली. आज प्रदर्शनाला यायचं ठरलं तेव्हा पाय दुखतो म्हणून घरी राहावं असंही त्यांच्या मनात आलं होतं. पण सुनेनं आधीच रजा टाकली होती. मशीनपुढे अर्धा तास त्या उभ्या राहिल्या त्या काही मशीनच्या प्रेमानं नव्हे.

करुणाला हसू फुटलं. इतकं, की तिला जमिनीवर हात टेकावा लागला. सगुणाबाईही तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेजारचा दोऱ्यावाला दोघींकडे बघत राहिला.

हसणं ओसरल्यावर मात्र करुणाला कुठेतरी टोचलं. ती म्हणाली, "आत्या, माझ्यावर भरवसा नव्हता तुमचा?"

"तुझ्यावर होता. नम्रतावर नव्हता," सगुणाबाई म्हणाल्या. मग त्यांनी भर घातली, "आणि बघ, काय खोटं निघालं?"

मग दिली ती कोणती, असं करुणानं विचारलं. सगुणाबाई जरा चाचरल्या. "तुझी," त्या म्हणाल्या. "पोफळीला लग्न होऊन आलीस, त्या साली शिवलेली."

करुणाच्या डोळ्यांपुढे ती वाकळ उभी राहिली. माहेरी कधी सुई धरली नव्हती, डी.एड. करून आली होती. वसाहतीतल्या बायका दुपारी ओट्यावर बसून शिवायच्या, त्यांच्यात बसायला मिळावं म्हणून तिनंही एक हाती घेतली. टाके बोटाबोटाएवढे, रांगा वाकड्यातिकड्या, एक कोपरा दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब. मधल्या ठिगळावर तर तिनं दोरा संपला म्हणून चक्क दुसऱ्या रंगाचा दोरा ओढला होता. ती कधीच फाटून गेली असेल, पोतेरं झालं असेल, असं ती धरून चालली होती. सासूनं ती तेवीस वर्षं धुऊन, घडी घालून ठेवली होती, आणि भर प्रदर्शनात, एवढ्या कसबी बायकांच्या ओळीत, ती दोन दिवस टांगलेली होती.

"ती कोणी विकत घेतली?" करुणा म्हणाली. तिचा खरंच विश्वास बसेना.

तेवढ्यात नम्रता दोघींना शोधत आली. तिच्यामागे साठीच्या एक बाई होत्या, डोक्यावर ओढणी, हातात कापडी पिशवी छातीशी धरलेली. नम्रतानं सांगितलं, या सईदाबी, राजिवड्याच्या. फोनवरून पैसे भरले होते म्हणून नाव सापडलं, तिथून नंबर काढला. भिंतीवरची 'विक्रीसाठी नाही'ची चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं गळून पडली होती आणि टेबलावरच्या मुलीला माहीत नव्हतं. नम्रताचा चेहरा इतका उतरला होता, की करुणानं आधी तिला पाणी दिलं.

सईदाबींनी पिशवी सगुणाबाईंच्या मांडीवर ठेवली. कोणाच्या तरी नवऱ्याची आठवण आहे असं फोनवर ऐकलं तशी मी लगेच निघाले, असं त्यांनी सांगितलं. रिक्षात मात्र सारखी वाकळीवर हात फिरवत होते, हेही सांगितलं. त्यांची लेक नबीला तिकडे कतारमध्ये, दोह्याला असते. तिथे घरात दिवसभर एसी चालू. नवी विकतची पांघरुणं घसरून जातात, अंगाला चिकटत नाहीत. या वेळी बाळंतपणाला ती इकडे येऊ शकणार नव्हती, आईच तिकडे जाणार होती. बाळासाठी त्यांना जाड, जुन्या सुती कपड्याची, पुष्कळ धुतलेली वाकळ हवी होती. अख्ख्या प्रदर्शनात तशी ही एकच मिळाली.

"बाकीच्या मना लय सुंदर वाटल्या," त्या म्हणाल्या, "पन त्यांवर बालाला कोन निजवील? हिच्यावर निजवता येईल. पन तुमची हाय ती. तुमी ठेवा."

सगुणाबाईंनी पिशवीतून वाकळ बाहेर काढली आणि करुणाच्या हातात दिली. "माझी नाय. हिची हाय. हिला विचारा."

करुणानं ती उलगडली. टाके तिला आठवत होते तेवढेच वाईट होते. पण कापड इतकं मऊ झालं होतं, की हातातून पाण्यासारखं ओघळत होतं. लांब कोपऱ्याजवळ शिवण थोडी उसवली होती. तिनं शेजारच्या दोऱ्यावाल्याकडून सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ घेतलं, तिथेच खाली मांडी घातली आणि कोपरा शिवायला लागली. सगुणाबाई वाकून बघत होत्या. एकदा त्यांनी, "जवळ घाल गो टाका," म्हटलं, आणि मग त्यांनाच काहीतरी वाटून त्या मागे टेकून बसल्या. "नाय, तसाच घाल. बाकीच्याला शोभेल."

कोपरा झाल्यावर करुणानं दोरा दातांनी तोडला, वाकळीची घडी घातली आणि सईदाबींच्या पिशवीत ठेवली. धुताना गरम पाणी नको, एवढं मात्र सांगितलं. सईदाबींनी करुणाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि नबीलाला मुलगी झाली तर फोटो पाठवीन म्हणाल्या, मुलगा झाला तरी पाठवीन म्हणाल्या. नम्रतानं पैशांचं काय करायचं ते विचारलं, तर करुणानं गटात राहू दे म्हणून हातानंच उडवून लावलं.

सईदाबी आणि नम्रता गेल्यावर सगुणाबाई खुर्चीतून आपल्या आपण उठल्या. पाय आता ठीक आहे म्हणाल्या. दोघी भिंतीपाशी गेल्या. तिथे संगमेश्वरची एक वाकळ होती, काठाला दोन बोटं रुंद निळी पट्टी, कोपऱ्यात दुहेरी दुमड. सगुणाबाईंनी नाक लागेल इतकं जवळून पाहिलं आणि कबूल केलं की ही बाई आपल्याहून सरस आहे. मग त्यांना पहिल्या रांगेतली मलमल पुन्हा बघायची होती, कारण सकाळी त्यांचं लक्षच नव्हतं. शिवाय मशीनवाल्याला त्यांनी सगळं विचारलं होतं, पण त्याची उत्तरं काही ऐकली नव्हती.

तीन वाजता महेंद्रचा फोन आला. साडेतीनच्या गाडीनं येताय ना, आईचा पाय कसा आहे, त्यानं विचारलं. करुणानं मान वळवून पाहिलं. सासू मशीनवाल्याच्या स्टुलावर बसली होती आणि तो माणूस सुईत दोरा कसा जातो ते तिला दाखवत होता.

"पाय बरा आहे," ती म्हणाली. "आम्ही पाचच्या गाडीनं येऊ. भाताचा कुकर तेवढा तुम्ही लावा."