अक्काचं दुमडलेलं पान

जो आपलं अन्न आपण पिकवतो तोच खरा स्वतंत्र माणूस. बाकी सगळी प्रजा. मी चेन्नईतल्या पेरुंगुडीत, चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत, सिमेंटच्या तीन रिकाम्या गोण्यांत स्वतंत्र झालो. नोव्हेंबरात टोपलीतले कोंब फुटलेले बटाटे चिरून लावले आणि फेब्रुवारीत पाला पिवळा पडल्यावर गोण्या उलट्या केल्या. अकरा बटाटे निघाले. सगळ्यात मोठा लिंबाएवढा.

आमच्या तंजावरी घरात हाती येईल ते उन्हात वाळतं. तांदळाचे वडाम म्हणजे सांडगे, मिरच्या, उशा. मी बटाटेही पाच दिवस गच्चीवर पसरले. त्यांच्यावर हिरवी झाक आली, ती मला ताजेपणाची वाटली.

आज सालासकट भाजी केली. रक्तातल्या साखरेमुळे मला बटाटा वर्ज्य, म्हणून सगळी थोरल्या बहिणीच्या, अन्नपूर्णाअक्काच्या पानावर वाढली. अक्का चौऱ्याऐंशीची. जेवून तिनं केळीचं पान स्वतःकडे दुमडलं, म्हणजे आमच्याकडे तृप्तीची पावती. ते पान मी खाली उभ्या कचऱ्याच्या गाडीत अभिमानानं टाकून आलो. अक्का आडवी झाली.

तेवढ्यात सिरुसेरीहून तिच्या नातीचा, हरिणीचा फोन; मी तिचा ताता, म्हणजे आजोबा. घरच्या ग्रुपवर मी पिकाचा फोटो टाकला होता.

"ताता, ते बटाटे हिरवे आहेत."

"ताजे आहेत."

"विष असतं त्यात. आजीनं खाल्ले?"

"पानात कण उरला नाही."

"उलटी? मळमळ? गुंगी?"

"झोपली आहे."

"कशी झोपली आहे?"

"रोजच्यासारखी. पण रोज मी नीट पाहिलेलं नाही."

"उठवा तिला. नाही उठली तर ॲम्ब्युलन्स बोलवा. मी निघालेच."

खोलीत गेलो. अक्काचं कानातलं यंत्र डबीत होतं. "अक्का," म्हटलं. काही नाही. खांद्याला हात लावायचा धीर होईना; हलवलं आणि ती उठली नाही, तर ते मला कळलं असतं. पदर हलत होता, पण पंखाही चालू होता. फ्रिजमधला स्टीलचा पेला आणून तिच्या नाकाशी धरला. त्यावर वाफ धरली. जिवात जीव आला. मग आठवलं, चेन्नईत फ्रिजमधला पेला कुणाच्याही श्वासावाचून घामेजतो.

आई गेल्यावर मला हिनंच भरवलं होतं. आणि मी हिला काय भरवलं.

पेल्यावरचा थेंब तिच्या ओठावर पडला. तिनं डोळे उघडले.

"काय रे रंगा, हे काय करतोस?"

यंत्र तिच्या कानात बसवायला मला तीन खेपा लागल्या. "अक्का, भाजीत विष होतं."

"कडू होती खरी. एक फोड तोंडात घातली ती काढली, अन् सगळी पानात दुमडली. तीन महिने त्या गोण्यांशी बोलत होतास. तुझं मन कसं मोडायचं?"

हरिणीला फोन लावायला उठलो.

"उठलाच आहेस तर," अक्का म्हणाली, "थोडा दहीभात कालवून आण. उपाशी आहे मी."