आधी दार, मग आग

मित्रांनो, मी एक जुनी, विटांची, लाकडावर पेटणारी भट्टी आहे आणि सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी धूर करत नाही. माझ्याकडून तो करवला जातो. हा फरक कुणाच्या लक्षात यावा म्हणून मी सहा महिने जीव तोडून प्रयत्न केला, पण मला बोलता येत नाही आणि माणसांना बघायला वेळ नसतो.

माझा जन्म वाळूच्या ढिगावर झाला. एका म्हाताऱ्या गवंड्याने ओली वाळू थापून तिचा गोल ढीग केला, त्यावर जुनी वर्तमानपत्रे चिकटवली, त्यावर विटांचा घुमट रचला आणि चार दिवसांनी माझ्या तोंडातून हात घालून सगळी वाळू खरवडून काढली. पोटात राहिलेली वर्तमानपत्रे पहिल्याच आगीत जळाली. माझे शिक्षण तेवढेच.

मला बांधून घेतले ते एका पाववाल्या जोडप्याने. काका पीठ मळत आणि काकू मला पेटवत. काकूंची एक सवय होती. काडी ओढण्याआधी त्या मागचे दार वीतभर उघडत आणि ते मिटू नये म्हणून खाली एक अर्धी वीट सारत. थंडी असली तरी सारत. काका कुरकुरले की म्हणत, "येऊ दे वारा. तिलाही श्वास लागतो." बावीस वर्षे हे असेच चालले. गिऱ्हाइके पावाचे कौतुक करत, काकांचे करत. माझे कुणी केले नाही, पण मला त्याचे वाईट वाटत नसे, कारण माझे काम नीट होत होते.

पुढे काका गेले आणि बेकरी बंद झाली. काकू दोन गल्ल्या पलीकडे लेकीकडे राहायला गेल्या. माझ्या पोटात कुणीतरी रंगाचे रिकामे डबे रचले. मग एका मांजरीने तिथे तीन पिल्ले घातली. मांजरीबद्दल माझी तक्रार नाही. त्या काळात माझी विचारपूस करणारी ती एकटीच होती.

मग इथे ग्रीक रेस्टॉरंट आले. मालक हौशी माणूस. त्याने सगळीकडे पांढराशुभ्र गिलावा केला आणि भिंतीवर निळ्या खिडक्या रंगवल्या, ज्या उघडत नाहीत. मागचे दार मात्र उघडत होते, म्हणून ते विटा घालून बुजवले, त्याला टेकून गाद्यांचे लांब बाकडे ठेवले आणि वर समुद्राचा फोटो टांगला. माझ्या शेजारी कोळशाची शेगडी आली, ऑक्टोपस आणि कोकराचे मांस भाजायला. तिच्यावर ट्रकच्या चाकाएवढा एक पंखा बसला, धूर बाहेर ओढणारा. त्याला सहा वेग होते.

स्वयंपाकघर सांभाळायला एक शेफबाई आल्या. जाळावर रांधण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. रोज आल्या की आधी माझ्या घुमटावरून हात फिरवायच्या, त्यामुळे मला त्या आवडल्या. त्यांनी पहिल्या दिवशी मला पेटवले आणि माझ्या तोंडातून धुराचा लोट थेट जेवणाऱ्यांच्या ताटात गेला.

मित्रांनो, इथून माझा संताप सुरू होतो. आधी लाकूड बदलले. मग धुराडे साफ करणारा आला, त्याला मूठभर काजळी सापडली. मग धुराडे हातभर उंच केले. दर वेळी धूर झाला की मालक ओरडे, "पंखा वाढवा!" पंखा दोनवरून तीनवर गेला, धूर वाढला. तीनवरून चारवर गेला, आणखी वाढला. ही माणसे शिकलेली होती, चष्मे लावणारी होती. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, हे मी ऐकून होते, पण इथे तर औषधच रोग होते आणि त्याचा डोस रोज वाढत होता. गिऱ्हाइके मात्र माझे फोटो काढून, खोकत खोकत घरी जात.

शेवटी मालक म्हणाला, "शुक्रवारपर्यंत बघू. शनिवारी माणसं येऊन ही फोडतील. गॅसची बसवू. बाहेरून अशीच दिसेल."

"गॅसच पेटवायचा होता तर मला कशाला बोलावलंत?" शेफबाई म्हणाल्या. "भट्टी गेली की मीही जाणार."

"मग तुमचं तुम्ही बघा."

शुक्रवारी संध्याकाळी रेस्टॉरंट भरले होते. पंखा पाचवर होता. तेवढ्यात दारातून काकू आत आल्या. केस पांढरे झालेले, लेकीचा हात धरलेला. लेकीने वाढदिवसाचे जेवण ठरवले होते. त्यांना नेमके समुद्राच्या फोटोखाली, बुजवलेल्या दाराला टेकून बसवले.

वेटर म्हणाला, "आमच्याकडे सगळं मधे ठेवतात आणि वाटून खातात."

"घरी आम्ही दुसरं काय करतो?" काकू म्हणाल्या.

भाजलेली वांगी आली, चीज आले, आणि माझा धूरही आला. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. लेकीने हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आठवण येते ना गं, बाबांची?"

"रडत नाहीये मी. धूर गेलाय डोळ्यांत." काकूंनी वेटरला विचारले, "मागचं दार कुठंय?"

"इथे दार नव्हतंच, मॅडम."

"बावीस वर्षं पिठाची पोती मी काय समुद्रातून आणत होते?"

"आई, बस ना. हे हॉटेल आहे, आपली बेकरी नाही."

पण काकू उठल्या. टेबलावरची मेणबत्ती उचलून त्या तडक माझ्याकडे आल्या. मालक आडवा आला, त्याला त्यांनी बाजूला केले आणि ज्योत माझ्या तोंडाशी धरली. ज्योत खोलीच्या दिशेने वाकली.

"आत वाकायला हवी," काकू शेफबाईंना म्हणाल्या. "वर कोण एवढं ओरडतंय?"

"पंखा आहे. धूर ओढतो तो."

"धूर कसला, खोलीतली हवाच पिऊन टाकतोय. दार नाही, खिडकी नाही, मग हवा येणार कुठून? हिच्याच धुराड्यातून खाली उतरते, येताना धूर घेऊन येते. पंखा कमी करा आणि समोरचं दार उघडा."

"माणसं जेवतायत, मॅडम," मालक म्हणाला. "पंखा कमी केला तर सगळे गुदमरतील."

शेफबाईंनी मालकाकडे पाहिलेही नाही. त्यांनी पंखा दोनवर आणला आणि स्वतः जाऊन समोरचे दार सताड उघडले. काकूंच्या हातातली ज्योत आधी सरळ उभी राहिली. मग ती वळली आणि माझ्या पोटाकडे वाकली. किती वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला, मित्रांनो. तोंडाशी रेंगाळणारा धूर मागे फिरला आणि धुराड्यातून वर गेला. शेफबाईंनी अंगठ्याने डोळे पुसले, आणि तेव्हा तिथे धूर नव्हता.

सहा महिने चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. लाकूडवाल्याला विचारले, धुराडेवाल्याला विचारले. जी बाई मला बावीस वर्षे पेटवत होती आणि दोन गल्ल्यांवर राहत होती, तिला विचारायचे कुणालाही सुचले नाही.

शनिवारी माणसे आली, पण त्यांनी मला नाही, मागच्या दारात घातलेल्या विटा फोडल्या. बाकड्याचा अर्धा भाग गेला, म्हणून मालक आठवडाभर घुम्यासारखा होता. आता मात्र तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगतो, "आमच्या भट्टीला मोकळी हवा लागते." जसे काही हे त्याला स्वप्नात दिसले होते.

त्या शुक्रवारी निघताना काकूंनी माझ्या पांढऱ्या गिलाव्यावर तळवा टेकला. "हिला सांगता येत नाही आणि मी काही कायमची नाही," त्या शेफबाईंना म्हणाल्या. "तुम्ही लिहून ठेवा." शेफबाईंनी माझ्यातलाच एक विझलेला कोळसा घेऊन शेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले: आधी दार, मग आग.

मालकाला ते शोभेचे वाटले नाही. त्याने त्यावर पांढरा रंग मारला. शेफबाईंनी पुन्हा लिहिले, त्याने पुन्हा रंग मारला. तिसऱ्यांदाही तेच झाले. परवा मागच्या दारासमोर कुंडी आली होती. ती शेफबाईंनी उचलली आणि कोळसा घेऊन तेच वाक्य चौथ्यांदा लिहिले. मला वाचता येत नाही, पण एव्हाना पाठ झाले आहे. मित्रांनो, तुम्हाला वाचता येते. तुम्ही तरी लक्षात ठेवा, म्हणजे पुन्हा रंग लागला तर सांगायला कुणीतरी असेल.